ड्रॉपमधली एडब्ल्यूएम हातात येते, पण मॅच जिंकता येत नाही. नेमकं काय चुकतंय?

कराडची_स्कोपवाली | सोमवार, रात्री १२:२०

नमस्कार मंडळी. बीजीएमआय (शंभर जणांतून शेवटपर्यंत टिकून राहायचा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम) खेळणाऱ्यांना एक मनापासूनचा प्रश्न आहे. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमचं चौघांचं स्क्वॉड आहे. मी आणि माझी मैत्रीण कराडला, एक दादा पुण्यात नोकरीला आणि कॉल देणारा, म्हणजे मॅचमध्ये कुठे जायचं, काय करायचं ते सांगणारा, नागपूरला. रोज रात्री दहा ते बारा खेळतो. गेल्या नऊ दिवसांचा हिशेब मी वहीत लिहून ठेवलाय. सहा वेळा आम्ही ड्रॉपपर्यंत, म्हणजे विमानातून पॅराशूटने पडणाऱ्या खास शस्त्रांच्या पेटीपर्यंत, पोचलो. दोनदा त्यात एडब्ल्यूएम ही लांबून मारायची स्नायपर बंदूक निघाली, बाकीच्या वेळी ग्रोझा किंवा एमके१४. आणखी एकदा एडब्ल्यूएम मेलेल्या शत्रूच्या डब्यातून मिळाली. म्हणजे तीनदा ती बंदूक आमच्याकडे होती आणि तिन्ही मॅच गेल्या. अकरावे आलो, सातवे आलो, आणि एकदा तर ड्रॉपपासून दोनशे मीटरवरच चौघेही आडवे.

ती शेवटची मॅच सांगते. एरँगलचा नकाशा. जॉर्जोपोलच्या कंटेनरमधून लूट करून निघालो होतो, झोन (नकाशावरची आकसत जाणारी सुरक्षित जागा) पोचिंकीकडे सरकलेला. विमानाचा आवाज आला आणि गटकाजवळच्या उघड्या माळावर पॅराशूट उतरताना दिसलं. लाल धूर निघायच्या आत आम्ही गाडीत होतो. पेटी उघडली, एडब्ल्यूएम होती, लेव्हल ३ हेल्मेट होतं, घिली सूट होता. आम्हाला काय आनंद झाला! परत गाडीकडे वळलो तोच दोन बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. ज्याच्या हातात एडब्ल्यूएम होती त्याला ती एकदाही चालवता आली नाही.

तर प्रश्न असा: ड्रॉपच्या मागे जावं की नाही? आणि बंदूक मिळाल्यावर पुढे काय करायचं असतं?

पोचिंकीचा_पाटील | सोमवार, रात्री १२:४१

ताई, दोन गोष्टी सांग. गाडी कुठे लावली होती? आणि बंदूक कुणी घेतली?

कराडची_स्कोपवाली | सोमवार, रात्री १२:४८

गाडी पेटीपासून दहा-बारा पावलांवर, रस्त्याच्या कडेला. बंदूक ज्याने पेटी आधी उघडली त्याने घेतली. आमच्याकडे तसाच रिवाज आहे, आधी पोचेल त्याची.

पोचिंकीचा_पाटील | सोमवार, रात्री १२:५२

मग दोन्ही उत्तरं तुझ्याच पोस्टमध्ये आहेत. उद्या सविस्तर लिहितो, सकाळी ड्यूटी आहे.

जुना_पीसीवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

पाटील लिहितीलच, पण माझ्याकडचं सांगतो. मी हा गेम मोबाइलवर यायच्या आधीपासून, म्हणजे २०१७ पासून पीसीवर खेळतोय. तेव्हा पुण्यात एका कॅफेत तासावर बसायचो आम्ही. पुढे २०१८ मध्ये मोबाइलवर आला, सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून परत आला, मग जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या येण्याजाण्यात ड्रॉपचा मूळ स्वभाव बदललेला नाही. ड्रॉप म्हणजे आमिष. शंभर जणांच्या लॉबीत विमानाचा आवाज सगळ्यांना जातो आणि लाल धूर कोसावरून दिसतो. पेटीजवळ उभा असलेला माणूस ही त्या क्षणी नकाशावरची सगळ्यांत सोपी शिकार असते.

म्हणून मी स्क्वॉडला एकच शिस्त लावली आहे. ड्रॉप पडताना दिसला की पेटीकडे बघायचं नाही, तिच्या भोवतीची उंच जागा बघायची. टेकडी, घराचं छप्पर, मोठा दगड, जे असेल ते. आधी तिथे जायचं, दोनशे-तीनशे मीटरवर बसायचं आणि एक मिनिट शांत राहायचं. कुणी आलं तर त्यांना पेटी उघडू द्यायची. माणूस पेटी उघडतो तेव्हा त्याची नजर लुटीच्या यादीवर असते, पाय थांबलेले असतात. पहिली गोळी तेव्हा. मला मिळालेल्या एडब्ल्यूएमपैकी अर्ध्याहून जास्त मी स्वतः पेटीतून काढलेल्या नाहीत, काढणाऱ्याकडून घेतल्यात.

कुणीच आलं नाही तर मात्र जायचं. गाडी आडवी, पेटीला चिकटवून लावायची, म्हणजे एक बाजू झाकली जाते. उघड्या बाजूला दोन स्मोक ग्रेनेड. एकाने पेटी उघडायची, तिघांनी पाठ पेटीकडे आणि तोंड बाहेर. उघडणाऱ्याने तिथे उभं राहून हेल्मेट बदलणं, स्कोप लावणं असले उद्योग करायचे नाहीत. बंदूक, गोळ्या, गाडी. बाकी सगळं कव्हरमध्ये पोचल्यावर.

आणखी एक. फ्लेअर गन सापडली तर ती झोनच्या आत उडवा, खास ड्रॉप येतो. झोनबाहेर उडवलीत तर बख्तरबंद गाडी येते. तीही कामाची असते, पण एडब्ल्यूएमची आशा असेल तर जागा बघून उडवा. आणि उडवायच्या आधी चौघांच्या जागा ठरवून घ्या. नंतर ठरवायला वेळ नसतो.

गणिताचा_तास | मंगळवार, सकाळी १०:०५

एडब्ल्यूएमला लोक एवढे का जपतात ते आकड्यांत बघू. मूळ पीसी गेममधले आकडे घेतो. मोबाइलवर थोडे इकडेतिकडे असतील, पण निकाल तोच लागतो.

माणसाचा जीव १००. एडब्ल्यूएमचा मूळ मार १०५, कार९८ या साध्या स्नायपरचा ७९. स्नायपरने डोक्यात लागली की अडीचपट. म्हणजे एडब्ल्यूएम २६२ आणि कार९८ १९७. आता हेल्मेट. लेव्हल २ हेल्मेट ४० टक्के मार अडवतं, लेव्हल ३ हेल्मेट ५५ टक्के.

लेव्हल २ वर कार९८चे ११८ उरतात. समोरचा पडला. एडब्ल्यूएमने तर पडतोच. म्हणजे इथवर दोघींत फरक नाही.

लेव्हल ३ वर कार९८चे ८९ उरतात. समोरचा ११ जीव घेऊन दगडामागे जातो, पट्टी बांधतो आणि परत येतो. एडब्ल्यूएमचे ११८ उरतात. तो पडला. त्या अकरा जिवांसाठी ही सगळी धावाधाव आहे.

अंगावर वेस्ट नसेल तर १०५ मुळे कुठेही छातीत एक गोळी पुरते. लेव्हल २ वेस्टवर दोन लागतात.

यातून निघतं ते हे: मॅचच्या सुरुवातीला, समोरच्याच्या डोक्यावर साधं हेल्मेट असताना, एडब्ल्यूएमच्या गोळ्या घालवणं म्हणजे नुकसान. तिथे कार९८ किंवा एम२४ तेच काम करते आणि त्यांच्या ७.६२ च्या गोळ्या घरोघरी पडलेल्या असतात. एडब्ल्यूएमच्या मॅग्नम गोळ्या नकाशावर जमिनीवर मिळत नाहीत, पेटीतल्या वीसच. शेवटच्या तीन झोनमध्ये जे उरतात त्यांच्या डोक्यावर लेव्हल ३ असण्याची शक्यता जास्त. वीस गोळ्या त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या.

वऱ्हाडी_ठसका | मंगळवार, दुपारी १:३०

गणित बरोबर हाय भाऊ, पण मी थोडं येगळं बोलतो. माझ्या मते ज्याला कार९८ नीट चालवता येत नाही त्यानं एडब्ल्यूएमला हात लावू नये. दोन्ही बोल्टवाल्या. एक गोळी मारली की बोल्ट ओढेपर्यंत काहीच करता येत नाही. एडब्ल्यूएमची गोळी जास्त जोरात जाते, त्यामुळे पळणाऱ्याच्या पुढे कमी धरावं लागते. कार९८ची सवय असलेला पहिल्यांदा एडब्ल्यूएम घेतो तेव्हा त्याची गोळी समोरच्याच्या पुढून जाते. हे ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन शिकून घ्या, तिथं ती फुकट मिळते. मी रोज मॅचच्या आधी दहा मिनिटं चालत्या टार्गेटवर मारतो. तीन महिन्यांनी हात बसला.

आमच्याकडं गावात रात्री नऊनंतर नेट मंदावते, पिंग (नेटचा उशीर) दीडशेच्या वर जातो. तसं असलं की मी पळणाऱ्यावर गोळीच टाकत नाही. थांबलेला, डोकावणारा, गाडीतून उतरणारा, एवढ्यांवरच.

नवीन_भरती | मंगळवार, दुपारी २:१०

मी गेल्या महिन्यात खेळायला लागलो. एडब्ल्यूएमची स्किन विकत घेतली तर बंदूक मॅचमध्ये सुरुवातीपासून मिळते का? एका मुलाने सांगितलं की मिळते. आणि एक जण म्हणतोय, तो एक फाइल देतो, ती टाकली की प्रत्येक ड्रॉपमध्ये एडब्ल्यूएमच निघते. बाराशे रुपये मागतोय.

पोचिंकीचा_पाटील | मंगळवार, दुपारी २:२२

भावा, थांब. पैसे देऊ नकोस.

स्किन म्हणजे नुसता रंग. बंदूक मॅचमध्ये सापडल्यावर ती त्या रंगात दिसते, एवढंच. ड्रॉपमध्ये काय निघणार ते गेमचा सर्व्हर ठरवतो, तुझ्या फोनमधली कुठलीच फाइल ते बदलू शकत नाही. माझ्या आतेभावाने असेच पैसे दिले होते. फाइल टाकताना त्याने आयडी-पासवर्डही दिला. दुसऱ्या दिवशी खातं त्याचं राहिलं नव्हतं. चार वर्षांचं खातं, जुन्या सीझनचे कपडे, मित्रांची यादी, सगळं गेलं. दहावीतला पोरगा, दोन दिवस जेवला नाही. त्याच्या आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन आहे. तू घरी आधी सांग आणि त्या माणसाला ब्लॉक कर.

नवीन_भरती | मंगळवार, दुपारी २:४०

ब्लॉक केला. ताईला पण सांगितलं. धन्यवाद दादा.

कोल्हापूरचा_नेमबाज | मंगळवार, सायंकाळी ६:००

मी गेम कमी खेळतो, खरी रायफल जास्त. रेंजवर ५० मीटरचा सराव करतो. त्यामुळे एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते.

ही बंदूक ज्या इंग्लिश कंपनीची, अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनलची, तिच्या संस्थापकांत माल्कम कूपर होते. १९८४ आणि १९८८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं सुवर्णपदक त्यांचं. याच प्रकारात आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं. त्या दिवशी मी घरात टीव्हीसमोर उभाच होतो, बसवत नव्हतं. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, अशा तीन प्रकारे मारायचं असतं. उभ्याने मारणं सगळ्यांत अवघड, कारण शरीर सतत हलतं.

गेममध्येही तसंच ठेवलेलं आहे. उभ्याने स्कोप डुलतो, बसल्यावर कमी, झोपल्यावर त्याहून कमी. श्वास रोखायचं बटण आहे, पण बरीच मुलं ते दाबून मग निशाणा शोधत बसतात आणि दम संपल्यावर गोळी सोडतात. आम्हाला रेंजवर शिकवतात ते उलटं: आधी निशाणा घ्या, मग श्वास अर्धा सोडून थांबवा आणि दोन-चार सेकंदांत गोळी गेली पाहिजे. नाही गेली तर रायफल खाली घ्या, पुन्हा सुरू करा. जिद्दीने धरून ठेवलेली गोळी जवळजवळ नेहमी वाया जाते. गेममध्ये मी हेच करतो आणि उपयोग होतो.

जुना_पीसीवाला | मंगळवार, सायंकाळी ६:३५

कोल्हापूरकर, ही माहिती मला नव्हती. आनंद झाला वाचून. तुमच्याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पोटावर झोपून मारायच्या प्रकारात) जगज्जेत्या झाल्या होत्या, तेव्हाचं वर्तमानपत्र आमच्या घरी अजून आहे.

पोचिंकीचा_पाटील | मंगळवार, रात्री ९:१०

आता कालचं राहिलेलं लिहितो. सगळ्यांनी निशाण्याबद्दल छान लिहिलंय, पण ताईंच्या स्क्वॉडची अडचण निशाण्याची नाही असं मला वाटतं.

स्क्वॉड मॅचमध्ये डोक्यात गोळी लागली की माणूस मरत नाही, नॉक होतो. त्याच्या साथीदाराला त्याला उचलायला १० सेकंद लागतात. म्हणजे एडब्ल्यूएमवाल्याने तुम्हाला १० सेकंद मिळवून दिले, आणि समोर चाराचे तीन, किंवा एक जण उचलण्यात गुंतला तर दोनच लढणारे. त्या १० सेकंदांत बाकीचे तिघे काय करतात त्यावर मॅच ठरते. नॉक झाला म्हणून सगळे आपापल्या दगडामागे खूश होऊन बसले तर अकराव्या सेकंदाला समोरचे पुन्हा चार होतात. तुमची एक मॅग्नम गेली आणि वर तुमची जागा सगळ्यांना कळली. त्या बंदुकीचा आवाज लपत नाही.

आमच्यात असं ठरलंय. एडब्ल्यूएमवाला गोळी मारायच्या आधी सांगतो, ‘मारतोय, झाडामागचा.’ तेव्हाच दोघे पुढे निघायच्या तयारीत असतात. नॉक म्हटलं की ते निघाले. तिसरा ग्रेनेड टाकतो, पडलेल्यावर, म्हणजे उचलणारा जवळ जाऊ शकत नाही. एडब्ल्यूएमवाला बोल्ट ओढताना खाली बसतो, चार पावलं सरकतो आणि दुसऱ्या जागेवरून डोकावतो. पहिल्याच जागेवरून कधीच नाही, कारण समोरचा तिथेच स्कोप लावून बसलेला असतो.

आणि म्हणून ‘आधी पोचेल त्याची’ हा रिवाज मोडा. बंदूक कुणाची हे विमानात बसतानाच ठरलं पाहिजे. स्क्वॉडमध्ये लांबचा निशाणा कुणाचा चांगला आहे?

कराडची_स्कोपवाली | मंगळवार, रात्री ९:२५

माझा.

वहीत तेही आहे. नऊ दिवसांत कार९८ने चौघांनी मिळून एकतीस नॉक केले, त्यातले एकोणीस माझे. तीन एडब्ल्यूएमपैकी एकही माझ्या हातात आली नाही. मी पेटीजवळ पहिली कधी पोचत नाही, कारण मी मागे राहून बाकीच्यांना कव्हर देत असते. कव्हर देणाऱ्याला ती बंदूक मिळायचीच नाही, असा आमचा नियम आपोआप होऊन बसलाय. हे मी स्क्वॉडमध्ये कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

ऑरेंज_सिटी_कॉलर | मंगळवार, रात्री १०:४०

नागपूरचा कॉल देणारा मीच. धागा आत्ता वाचला.

तीनपैकी दोन एडब्ल्यूएम माझ्याकडे होत्या. खरं सांगतो, कॉल देताना मला नकाशा बघावा लागतो, बाकीच्यांचे आवाज ऐकावे लागतात. स्कोपमध्ये डोळा घातला की ते सगळं सुटतं. गटकाच्या मॅचमध्ये मी बंदुकीवर ८एक्स स्कोप लावत होतो, म्हणून डावीकडून आलेली गाडी मी बोललो नाही. स्कोपवालीने आधी सांगितलं होतं, ‘डावीकडे आवाज आहे.’ मी ऐकलं नाही. ते माझ्यामुळे झालं.

आजपासून पेटी पुण्याचा दादा उघडेल, बंदूक आणि सगळ्या मॅग्नम जमिनीवर टाकेल, ती मागून येऊन उचलेल. तिच्याकडची एम४१६ रायफल तशीच राहील, कार९८ टाकून द्यायची. साडेदहाला भेटायचं होतं, मी उशिरा येतोय. येतोच.

वऱ्हाडी_ठसका | मंगळवार, रात्री १०:५५

असं उघड बोलायला मोठं मन लागते. लई भारी वाटलं. आणि ८एक्सबद्दल एक: तीनशे मीटरच्या आत ४एक्स पुरते. ८एक्समध्ये बाजूचं काहीच दिसत नाही.

गणिताचा_तास | बुधवार, सकाळी ९:४०

एक्स्टेंडेड मॅगझिन मिळालं तर नक्की लावा. पाचाच्या सात गोळ्या होतात. शेवटच्या झोनमध्ये रीलोड करावं लागणं हाच मोठा धोका असतो. सप्रेसर आणि चीक पॅड मिळाले तर उत्तमच, पण त्यांच्यासाठी थांबू नका.

कराडची_स्कोपवाली | शुक्रवार, रात्री १२:३५

तीन दिवस एडब्ल्यूएम दिसलीच नाही. दोन ड्रॉप आम्ही मुद्दाम सोडले, झोन उलट्या दिशेला होता म्हणून. आज मिळाली.

एरँगलच. ड्रॉप रोझोकच्या खाली, रस्त्याला लागून पडला. आम्ही वरच्या उतारावर झाडांत थांबलो. मिनिटभरात एक स्क्वॉड गाडीतून आलं. पेटी उघडणाऱ्याला मी कार९८ने नॉक केलं, दोघे खाली धावले, ग्रेनेड पडलेल्यावर. पुढच्या वीस सेकंदांत तिथलं सगळं संपलं. त्याच्या डब्यात एडब्ल्यूएम आणि फक्त अकरा मॅग्नम. कुठेतरी आधीच नऊ घालवल्या होत्या त्याने. पुण्याच्या दादाने स्मोक टाकला, बंदूक खाली टाकली, मी उचलली. हाताला घाम होता.

पुढे चार झोन मी एकही गोळी मारली नाही. दोनदा समोर पळणारे दिसले, ते एम४१६वाल्यांनी बघितले. शेवटचा झोन शेल्टरजवळच्या टेकडीवर आला, तीन स्क्वॉड उरलेली. तेव्हा मी पहिली मारली. दगडामागून डोकावणारा, डोक्यावर लेव्हल ३. ‘मारते, दगड, उजवीकडचा.’ नॉक. दोघे आधीच निघाले होते. मी चार पावलं सरकले. दुसरी गोळी हुकली, श्वास फार वेळ धरून ठेवला होता, कोल्हापूरकर दादा म्हणाले तसंच झालं. खाली बसले, पुन्हा घेतला, तिसरी लागली.

दुसरे आलो. शेवटचा माणूस गवतात घिली सूट घालून झोपला होता, आमच्या मागे. माझ्याकडे आठ मॅग्नम उरल्या होत्या.

ऑरेंज_सिटी_कॉलर | शुक्रवार, रात्री १२:४४

मागची बाजू माझी होती, मी बघायला हवी होती. उद्या दहाला. मी वेळेत येतोय.